पहिली कादंबरी, मुक्काम खान्देश: करारापासून दुसऱ्या आवृत्तीपर्यंत

कादंबरी लिहून झाली आहे. दोन-चार जाणत्यांनी वाचून ‘छापा आता’ म्हटलंय. यापुढे नेमकं काय करायचं हे मात्र कुणी धड सांगत नाही. अशा नव्या लेखकासाठी हा लेख आहे, आणि त्यातही जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत राहून पुस्तक आणणाऱ्यासाठी. पुण्यात मिळणारे सल्ले आपल्याकडे निम्मेच लागू पडतात. आपल्या बहुतेक तालुक्यांत पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे. कादंबरी इथे दुकानातून कमी आणि माणसाकडून माणसाकडे जास्त जाते. म्हणून प्रकाशन समारंभासाठी जेवढा पैसा आणि जीव राखून ठेवला असेल, त्यातला निम्मा आजच बाजूला काढा. तो नंतरच्या सहा-आठ महिन्यांना लागणार आहे.

वाचणारी माणसं इथे नाहीत, हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. साहित्य संमेलन धुळ्यात १९४४ला झालं, अमळनेरला १९५२ला, जळगावात १९८४ला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत पुन्हा अमळनेरला. वाचक आहे, पण त्याच्या दारापर्यंत पुस्तक नेणारं कुणी नाही. पहिल्या पुस्तकापुरतं ते काम तुमच्याच गळ्यात पडतं.

आधी करार, मग पेढे

पुस्तक निघतं दोन रीतींनी. प्रकाशकाला लेखन आवडतं, तो स्वतःच्या पैशाने छापतो आणि तुम्हाला रॉयल्टी देतो, साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. दुसरी रीत सध्या जास्त चालते: खर्च तुमचा, नाव प्रकाशनाचं. त्यात कमीपणा काही नाही. पण तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता आणि गिऱ्हाइकाने विचारायचे प्रश्न विचारायला आपण लाजतो. प्रती किती छापणार? माझ्या ताब्यात किती? तुमच्याकडच्या प्रतींचा हिशोब कधी देणार? किंमत कोण ठरवणार? अक्षरजुळणीची आणि मुखपृष्ठाची फाइल कुणाची? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण फाइल हातात नसेल तर दुसऱ्या आवृत्तीला सगळं नव्याने करावं लागतं. पाचशेचे पैसे घेऊन तीनशेच छापल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. छापखान्याच्या बिलाची प्रत देण्याची अट करारात टाका, हा प्रश्न तिथेच मिटतो.

कॉपीराइटबद्दल उगाच घाबरू नका. १९५७च्या कायद्यानुसार लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा असतो, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. नोंदणी केली तर पुरावा भक्कम होतो, पण तिची सक्ती नाही. घाबरायचं ते ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या एका ओळीला. हक्क देताना कोणता, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशापुरता हे लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. सिनेमा, ऑडिओ, भाषांतर आणि ई-बुक यांचे हक्क स्वतंत्र ओळींत लिहून घ्या, किंवा सरळ स्वतःकडे ठेवा.

स्वतःचा पैसा घालण्याआधी आणखी एक दार ठोठावून बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. वेळ लागतो, कागदपत्रं लागतात. पण हस्तलिखित त्या निमित्ताने एका तिऱ्हाईत जाणकाराच्या नजरेखालून जातं, आणि ते अनुदानापेक्षा कमी मोलाचं नाही.

छापखान्यात काय बघायचं

तुम्ही मजकूर फोनवर किंवा कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो, तर डीटीपीवाल्याकडे, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्याकडे, पुष्कळदा श्रीलिपी किंवा तसाच जुना फॉन्ट असतो. मजकूर एकातून दुसऱ्यात जाताना अक्षरं फुटतात, आणि पहिली फुटते ती ‘ऱ्य’. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. स्क्रीनवर हे नजरेतून सुटतं. म्हणून प्रूफ कागदावर काढा, आणि पहिली फेरी फक्त ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, रफार आणि जोडाक्षरं बघण्यासाठी करा. गोष्ट वाचायची नाही, कारण गोष्ट वाचायला लागलं की डोळा चूक दुरुस्त करूनच पुढे सरकतो. दुसरी फेरी दुसऱ्या माणसाकडून, जमलं तर पैसे देऊन मुद्रितशोधकाकडून.

कादंबरीत बोली असेल तर खरी लढाई इथे आहे. पात्र म्हणतं, ‘तुन्हं नाव काय शे?’ आणि जुळणी करणारा भला माणूस ते ‘तुझं नाव काय आहे?’ करून ठेवतो. त्याला वाटतं, आपण चूक सुधारली. यावर उपाय म्हणजे बोलीतल्या शब्दांची आणि क्रियापदांची एक पानभर यादी करून प्रूफासोबत द्यायची आणि वर ठळक लिहायचं: यातलं काहीही शुद्ध करू नये. आणि तुमची बोली तुम्हीही तपासा. साक्रीकडची अहिराणी यावलच्या पात्राच्या तोंडी घातली, किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या घरात ‘शे’ आणला, तर रावेरचा वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. नंदुरबारकडची पात्रं असतील तर भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाकडून संवाद वाचून घ्या, त्याला मानधन द्या, आभारात त्याचं नाव घाला. प्रत्येक बोलीशब्दापुढे कंसात अर्थ देण्याचा मोह मात्र टाळा. वाचक संदर्भाने समजून घेतो, आणि नाहीच समजला तर आजीला विचारतो. आजीला विचारणं ही पुस्तकाची जाहिरातच आहे.

कागदाचं गणित थोडक्यात. कादंबरी बहुधा डेमी या नेहमीच्या मध्यम आकारात निघते आणि एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या सोळा पानांचा एक फर्मा धरतात. २०८ पानं म्हणजे बरोबर तेरा फर्मे. २११ पानं झाली की पुढच्या फर्म्याचा खर्च लागतो आणि कोरी पानं उरतात. तेव्हा प्रस्तावना छाटा. (प्रस्तावना तशीही छाटावी. पहिल्या कादंबरीला बारा पानांची प्रस्तावना म्हणजे वाचकाला उंबऱ्यावरच अडवणं.) आतला कागद ७० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, पिवळसर झाक असलेला मिळाला तर डोळ्यांना बरा. बाइंडिंग शिलाईचं करून घ्या. नुसत्या गोंदाच्या पुस्तकाची पानं वाचनालयात दहा हातांतून गेली की सुटतात, आणि आपलं पुस्तक वाचनालयातच जाणार आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो ऑनलाइन देते आणि लेखक स्वतःच्या नावानेही मागू शकतो. त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्याला ते कशाचे, हे विचारा. छापील पुस्तकाला आणि ई-बुकाला वेगवेगळा क्रमांक लागतो. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना एकेक प्रत पाठवणं प्रकाशकावर १९५४च्या कायद्याने बंधनकारक आहे. प्रकाशक तुम्हीच असाल तर हे काम तुमचं.

किंमत, आणि फुकटच्या प्रती

समजा ५०० प्रती छापल्या, एका प्रतीला छपाईसकट ९० रुपये पडले आणि छापील किंमत ३०० ठेवली. दुकानदार किंवा वितरक ४० टक्के घेतो, म्हणजे १२० गेले. तुमच्या हाती १८०, त्यातून छपाई वजा करून उरले ९०. आता हिशोब बघा: फुकट दिलेल्या एका प्रतीचे ९० रुपये भरून काढायला दुकानातून एक प्रत विकावी लागते. शंभर प्रती वाटल्या तर पुढच्या शंभर प्रती फक्त ते भरून काढण्यात जातात.

आणि आपल्याकडे वाटाव्या लागतात. ‘काय भो, पुस्तक काढलं म्हणे! एक दे ना माले.’ हे वाक्य एसटी स्टँडवर, लग्नात, दशक्रियेच्या जेवणावळीत, कुठेही ऐकू येईल. नाही म्हणणं जड जातं, म्हणून नियम आधीच ठरवून घरात सगळ्यांना सांगून ठेवा. भेटप्रती कोणाला? हस्तलिखित वाचून सूचना देणाऱ्यांना, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना, परीक्षण लिहिणाऱ्यांना आणि पुरस्कारांच्या प्रवेशिकांना. संपली यादी. सख्ख्या भावानेही विकत घ्यावं. ‘लेखकाची सवलत’ म्हणून त्याला दोनशेत द्या, पण पैसे घ्या. पैसे दिलेलं पुस्तक माणूस उघडून तरी बघतो. भेट मिळालेलं शोकेसमध्ये, सत्कारात मिळालेल्या ट्रॉफीशेजारी उभं राहतं.

पैशाची चणचण असेल तर छपाईआधी पूर्वनोंदणी घ्या. ३००चं पुस्तक नोंदणीत २००ला. व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठ, चार ओळी आणि क्यूआर कोड टाका, आणि एका वहीत नाव, गाव, फोन उतरवून घ्या. त्यातून छपाईचा काही भाग निघतो, आणि छापायच्या किती याचा अंदाजही येतो. शंभर नोंदण्याही होत नसतील तर हजार प्रती छापू नका, तीनशे छापा. डिजिटल छपाईत पुन्हा शंभर-दोनशे काढता येतात. पलंगाखाली गठ्ठे ठेवण्यापेक्षा एका प्रतीमागे वीस रुपये जास्त गेलेले परवडले.

तारीख कोणती धरायची

तारीख ठरवताना पंचांग, पीकपाणी आणि पारा असं तिन्ही बघावं लागतं. एप्रिल-मे बादच. लग्नतिथी असतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, आणि भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो. जून-जुलै पेरणीचे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, आपली खान्देशची देवी, बसते. त्या दिवशी कार्यक्रम ठेवलात तर स्टेजवर तुम्ही आणि माइकवाला एवढेच उराल. दिवाळीच्या आगेमागे शेतकरी कापूस वेचण्यात असतो. कापूस घरात येऊन पडला तरी विकला जाईपर्यंत खिशात पैसा नसतो.

माझ्या मते डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. थंडी असते, कापसाचा थोडाफार पैसा आलेला असतो, कॉलेजं चालू असतात. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते, जानेवारीत १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मात्र प्रकाशन ठेवू नका. त्या दिवशी प्रत्येक कॉलेजात कार्यक्रम असतो आणि ज्या प्राध्यापकांना बोलवायचं ते सगळे दुसरीकडे वक्ते म्हणून गेलेले असतात. त्या दिवशी तुम्हीही वक्ता म्हणूनच जायचं; त्याबद्दल पुढे.

तारखेत एक कागदी खाचही आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांना प्रकाशनाचं कॅलेंडर वर्ष धरतात. डिसेंबरच्या अखेरीस छापलेल्या पुस्तकाला प्रवेशिकेसाठी जेमतेम काही आठवडे उरतात. वर्षाच्या टोकावर असाल तर पुस्तक खरोखरच जानेवारीत काढा आणि आतल्या पानावर तीच तारीख घाला.

समारंभ

मोठं नाट्यगृह घेऊ नका. हजार खुर्च्यांत दीडशे माणसं बसली की फोटो केविलवाणा येतो. तालुक्याच्या वाचनालयाचा हॉल, कॉलेजचं सभागृह, पतपेढीची वरची खोली, काहीही चालेल, फक्त भरलेलं दिसलं पाहिजे. कादंबरी एखाद्या खऱ्या गावाभोवती फिरत असेल तर मी म्हणेन प्रकाशन त्या गावातच करा, शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी. गाव स्वतःहून येतं, कारण आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला बघायचं असतं. (ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना आधी एकदा भेटून या, हेही ओघाने आलंच.)

बोलणारे तीन पुरेत: पुस्तक वाचलेला एक जाणकार, अध्यक्ष आणि तुम्ही. जाणकाराला प्रत किमान तीन आठवडे आधी पोचली पाहिजे. ‘मला हे पुस्तक आत्ताच हातात मिळालं, पण चाळल्यावर असं दिसतं की...’ या वाक्याने सुरू होणारं भाषण तुमच्या वाट्याला येऊ नये. नेत्यांना बोलावू नका, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या मदतीने हॉल मिळाला त्याला बोलवावंच लागतं. पण ते आले की कार्यकर्ते येतात, खुर्च्या भरतात, आणि गाडी हलली की त्याच खुर्च्या रिकाम्या होतात. म्हणून नेत्याचा सत्कार आणि दोन शब्द सुरुवातीलाच उरका, आणि कादंबरीवरचं भाषण गाडी गेल्यावर ठेवा. शाल, श्रीफळ, बुके यांची रांग जितकी आखूड तितकं बरं.

तुम्ही स्वतः भाषण करूच नका. दोन पानं वाचून दाखवा. बोलीतले संवाद असलेला उतारा घ्या, घरी मोठ्याने सराव करा, घड्याळ लावा. लोक हसले, एखाद्या बाईने शेजारणीला कोपर मारून ‘अगदी आपल्या जिजीसारखं’ म्हटलं, की पुस्तक खपलं समजा. भाषणातला ‘लेखनप्रवास’ ऐकून कुणी पाकीट काढत नाही.

आता विक्रीचं टेबल. याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि नेमकं इथेच जमतं किंवा फसतं. टेबल दाराशी हवं, आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा दिसेल असं. त्यावर घरचं माणूस बसवू नका. मामा, काका, साडू येतात, ‘लिहून ठेव गं’ म्हणतात, प्रत उचलतात, आणि वहिनीला पैसे मागता येत नाहीत. ओळखीच्या दुकानातला मुलगा किंवा कॉलेजची विद्यार्थिनी बसवा, दिवसाचा मेहनताना द्या. कार्यक्रमाची किंमत २०० ठेवली की सुट्ट्यांची भानगड राहत नाही. क्यूआर कोड मोठा छापून दोन ठिकाणी लावा, आणि हॉलमध्ये नेटवर्क येतं का ते आदल्या दिवशी बघून या. सोबत एक वही: नाव, गाव, फोन, शक्य तर काय करतात. पूर्वनोंदणीच्या वहीला ही जोडली की तुमची वाचकयादी तयार झाली. पुढचे सहा महिने ही यादी तुम्हाला हॉलच्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडेल. सही करताना ‘नाव कसं लिहू?’ असं विचारून लिहा. ‘संजय’ आणि ‘सञ्जय’ यावरून रुसणारे वाचक असतात.

भरीत-पुरीचा बेत ठेवायचा की नाही? हिवाळा असेल आणि परवडत असेल तर ठेवा. भरिताचं नाव निमंत्रणावर असलं की माणूस शेवटपर्यंत थांबतो. मात्र पैसे भरीत किंवा शिलाईचं बाइंडिंग यांतल्या एकालाच पुरत असतील, तर शिलाई करा.

वाचनालयं: खरं गिऱ्हाईक

१९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली अ, ब, क आणि ड वर्गांची वाचनालयं आपल्या तीनही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांना अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. जळगावचं व. वा. वाचनालय किंवा अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय यांच्यासारखी मोठी सोडा, चार हजार वस्तीच्या गावातलं ‘ड’ वर्गाचं वाचनालयही एखादी प्रत घेऊ शकतं. पुस्तकखरेदी बहुधा वर्षाच्या शेवटी, अनुदानाचा हप्ता हातात पडला की, मार्चच्या आत होते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत ग्रंथपालांना भेटा.

भेटायला जाताना प्रत, छापील बिलबुक आणि सवलतीचा आकडा मनात पक्का करून जा. मोठे पुरवठादार वाचनालयांना भरघोस सूट देतात, त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. लेखक स्वतः आला आहे, या भागातली कादंबरी आहे, वाचकांशी एक तास गप्पा मारायला तयार आहे, हे तुमच्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही. बिलावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, सूट आणि निव्वळ रक्कम स्वच्छ लिहा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तसं विचारलं तर सांगा. पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतील. बिलाची दुसरी प्रत जपून ठेवा आणि आठवण करायला लाजू नका.

जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात एकदा जाऊन या. ग्रंथोत्सव कधी भरणार ते तिथे कळतं. एका पुस्तकासाठी अख्खा स्टॉल घेऊ नका, ओळखीच्या प्रकाशकाच्या किंवा विक्रेत्याच्या स्टॉलवर वीस प्रती ठेवायला द्या आणि त्याला दुकानाचंच कमिशन द्या. स्वतः मात्र स्टॉलशेजारी उभं राहा.

कॉलेजं, शिबिरं, शिक्षक

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची कॉलेजं तीनही जिल्ह्यांत पसरली आहेत. बहुतेकांत मराठी विभाग आणि वाङ्मय मंडळ असतं. २७ फेब्रुवारीसाठी वक्ता शोधण्याची धांदल त्यांना जानेवारीतच सुरू होते, तेव्हा एक साधं पत्र पाठवा: मी अमुक, माझी कादंबरी अमुक, ‘बोलीतून कादंबरी लिहिताना’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलू शकतो. मानधन नसलं तरी जा, पण प्रवासखर्च आणि टेबल ठेवायची परवानगी मागा.

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) हिवाळी शिबिरांकडे लेखकांचं लक्षच जात नाही. कॉलेजची मुलं आठवडाभर एखाद्या दत्तक गावात मुक्काम करतात आणि रोज बौद्धिक सत्राला कुणीतरी पाहुणा लागतो. मुलं दमलेली असतात, तरी गोष्ट ऐकायला तयार असतात, आणि गावकरीही येऊन बसतात. मुलांकडे पुस्तकाचे पैसे नसतात, पण त्यांच्यातली एक-दोघं नंतर फोन करून घरच्यांसाठी मागवतात. अभ्यासक्रमात पुस्तक लावून घेण्यासाठी मात्र प्राध्यापकांच्या मागे लागू नका. लागायचं तेव्हा लागतं. मागे लागणारा लेखक सगळ्यांना लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने नव्हे.

शाळामास्तर आणि निवृत्त शिक्षक हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का वाचक. शिक्षकांच्या पतपेढ्यांच्या वार्षिक सभा, निवृत्तांचे मेळावे, तालुका पातळीच्या बैठका, जिथे शक्य असेल तिथे दहा प्रती घेऊन जा. एका मास्तरांना आवडलं की ते स्टाफरूममध्ये पाच जणांना घ्यायला लावतात.

पेपर, रेडिओ, फोन

बातमी स्वतः लिहून द्या, दीडशे शब्दांच्या आत: पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि कोणाच्या हस्ते प्रकाशन झालं, फोटोखाली डावीकडून नावं. दुपारी चारच्या आत तालुक्याच्या वार्ताहराकडे पोचली तर दुसऱ्या दिवशी लागते. परीक्षणासाठी रविवार पुरवणीच्या संपादकांना प्रत पाठवा, आणि महिन्याभराने एकदाच विचारा. आकाशवाणी जळगावला प्रतीसोबत पत्र द्या, मुलाखत किंवा अभिवाचन होऊ शकतं. शेतात कामावर असलेला माणूसही ते ऐकतो.

व्हॉट्सॲपच्या चाळीस ग्रुपांवर ‘सर्वांनी अवश्य घ्या’ टाकून काही होत नाही. त्यापेक्षा कादंबरीतला एक परिच्छेद टाका, खाली किंमत आणि नंबर. रीलचं म्हणाल तर मिनिटभर अहिराणीत वाचा, मागे संगीत नको. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर किती लोक आहेत ते बघा. ते सगळे काही कादंबरी वाचणारे नाहीत, पण आपली बोली कानावर पडली की अंगठा थांबतो. यातले कितीतरी खान्देशात राहतही नाहीत. सुरतेचं उधना-लिंबायत, नाशिकचं सिडको, पिंपरी-चिंचवड, कल्याण इथे आपली माणसं पोटापाण्यासाठी गेली आहेत, त्यांची मंडळं आहेत, कानबाईचे उत्सव आहेत. प्रकाशनाला कानबाईचा रविवार टाळा म्हटलं, पण सुरतेच्या मंडळात उत्सवानंतरच्या कार्यक्रमात दोन पानं वाचायला जरूर जा. घर सोडून आलेला माणूस गावाचं पुस्तक विकत घेताना हात आखडता घेत नाही.

बाहेरगावची विक्री

मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांत प्रती ठेवा, कमिशन द्यावं लागेल हे धरून चाला. किंडलवर मराठी ई-बुक स्वतःला चढवता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर ॲमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत यावं लागतं, आणि मग त्या ९० दिवसांच्या मुदतीत ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. हे वाचूनच टिक करा.

थेट मागणी आली तर पोस्टानेच पाठवा. मे २०२५पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. दोनशे पानांची डेमी कादंबरी पाकिटासकट तीनशेच्या आत बसते. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, म्हणून पहिलं पार्सल न्याल तेव्हा कादंबरी चालेल ना, हे काउंटरवर विचारून घ्या. आत जाहिरातीची पत्रकं कोंबू नका. कोपरे दुमडू नयेत म्हणून पुस्तकाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावा. घाईचं असेल आणि गाव एसटीच्या रस्त्यावर असेल, तर एसटीचं पार्सलही चालतं.

दुकानात ठेवलेल्या प्रतींसाठी एक वेगळी वही करा: दुकान, तारीख, दिलेल्या प्रती, सहीशिक्का. दर तीन महिन्यांनी फेरी मारा. विकल्या गेलेल्या प्रतींचे पैसे घ्या, उरलेल्या मोजा, धूळ बसलेल्या परत आणा. ‘पुढच्या वेळी एकदम देतो’ म्हणणाऱ्याकडे पुढच्या वेळी प्रती ठेवू नका.

पुरस्कार आणि दुसरी आवृत्ती

स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. जाहिरात साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून साधारण वर्षाच्या अखेरीस निघते, आणि मुंबईबाहेरच्यांना प्रवेशिका जिल्हाधिकारी कार्यालयातही देता येतात. वय ३५च्या आत असेल तर साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची माहिती काढा. गावोगावच्या संस्थांचे पुरस्कारही आहेत, काही फार चांगले. पण जिथे प्रवेश फी मागतात आणि सन्मानचिन्हाचे पैसे वेगळे सांगतात, तिथे पाकीट बंद ठेवा.

दुसरी आवृत्ती काढायची ती दुकानदारांकडचे पैसे हातात आल्यावर. ‘सगळ्या संपल्या’ असं वाटल्यावर नव्हे. बऱ्याचदा संपलेल्या नसतात, दुकानांच्या मागच्या फडताळात असतात. तोवर स्वतःजवळ एक प्रत ‘दुरुस्ती प्रत’ म्हणून ठेवा. वाचक फोन करून सांगतील त्या चुका, निसटलेले ‘ऱ्य’, पान ४० वर मेलेला आणि पान ९३ वर चहा पिणारा म्हातारा, सगळं त्यात लाल पेनाने मांडत जा. फाइल डीटीपीवाल्याकडे जाईल तेव्हा ही प्रतही सोबत द्या, आणि बोलीची ती यादी पुन्हा एकदा वर टाचून द्या.